दृष्टिहीन खेळाडूला आपला डाव स्वतः खेळता यावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी आपल्या पुरवण्यांत मुलांची खेळणी, बैठे खेळ आणि बॅटरीवर चालणारे नवे इलेक्ट्रॉनिक खेळ यांची ओळख करून देणारा मजकूर येतो आणि इंदूरच्या अनेक मराठी घरांत तो वाचूनच काय घ्यायचे ते ठरते. खेळ कोणत्या वयापासून खेळता येतो, किती जणांत खेळता येतो, किंमत काय, हे सारे त्यात असते. ज्या घरात एखादी व्यक्ती दृष्टिहीन आहे, त्या घराला मात्र आणखी एक गोष्ट जाणून घ्यायची असते, ती म्हणजे हा खेळ तिला खेळता येईल का. याचे उत्तर जाहिरातीत मिळत नाही, खोक्यावर छापलेले नसते आणि दुकानदारालाही ठाऊक नसते. या विषयाकडे आपले आणि आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे यजमान काचबिंदूमुळे ऐन उमेदीच्या वयात दृष्टी गमावून बसले आणि माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा जन्मापासून दृष्टिहीन आहे. सणावाराला दोन्ही घरे एकत्र जमतात, फराळ उरकला की सतरंजी अंथरली जाते आणि खेळ सुरू होतात. एकाच कुटुंबातल्या या दोन खेळाडूंच्या गरजा निराळ्या आहेत हे मुद्दाम सांगते, कारण दृष्टिहीनांसाठी खेळ म्हटले की लोकांच्या मनात फक्त ब्रेलचे ठिपके येतात. पुतण्या ब्रेल सफाईने वाचतो. यजमान ब्रेल कधी शिकले नाहीत आणि मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे, अशा कितीतरी वडीलधाऱ्यांना ते शिकणे अवघडच असते. त्यांना आवाज हवा. ज्यांना अंधुक का होईना दिसते, त्यांचे मोठ्या अक्षरांवर आणि रंगांच्या ठळक फरकावर भागते. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली होती. त्यांच्या आईवडिलांची, भावंडांची, नातवंडांची संख्या यात धरली, तर हा प्रश्न किती घरांचा आहे हे लक्षात येईल.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, खेळातून आवाज येतो एवढ्याने तो दृष्टिहीनांना खेळण्याजोगा होत नाही. आता डाव कोणाचा, आपल्यापुढे काय आले आहे, आपण केले ते बरोबर की चूक आणि गुण किती झाले, या चार गोष्टी खेळाडूला स्वतःला, त्याच क्षणी, कोणी न सांगता कळल्या पाहिजेत. यांतली एक जरी शेजाऱ्याने वाचून दाखवावी लागली, तरी तेवढ्यापुरता खेळ शेजाऱ्याच्या हाती जातो आणि दृष्टिहीन माणूस त्या घोळक्यात बसलेला असूनही प्रेक्षक होतो.

आपल्या जुन्या घरगुती खेळांना ही कसोटी लावून पाहिली तर बरेच काही उमगते. गाण्याच्या भेंड्यांना कसलीच सोय करावी लागत नाही. तिथे माझे यजमान आम्हा सर्वांना भारी पडतात. पत्त्यांचे पान ब्रेल ठिपक्यांनी ओळखता येते आणि प्रत्येकाने पान टाकताना त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे एवढा एक नियम पाळला, की बदाम सात, मेंढीकोट, पाच-तीन-दोन हे सगळे डाव एकत्र रंगतात. मॅटेल कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संस्थेच्या सहकार्याने उनोच्या पत्त्यांचा ब्रेल संच काढला, त्यातही पत्ते सर्वांसाठी तेच आहेत, फक्त त्यांवर ठिपके उमटवलेले आहेत.

हाउजीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण इंदूरच्या मराठी मंडळांत, हळदीकुंकवात आणि गणेशोत्सवात हाउजीइतका लोकप्रिय खेळ दुसरा नसेल. वास्तविक हा खेळ कानांचाच आहे. १ ते ९० पर्यंतचे आकडे पुकारले जातात आणि सर्व जण ते ऐकतात. अडचण आहे ती फक्त हातातल्या तिकिटाची, म्हणजे तीन ओळींतल्या पंधरा आकड्यांची. एवढ्या पंधरा आकड्यांसाठी दृष्टिहीन व्यक्तीला शेजारणीच्या तिकिटावर अवलंबून राहावे लागते, आणि शेजारीण स्वतःचे तिकीट सांभाळता सांभाळता दुसऱ्याचे आकडे विसरली, की हाती आलेली ओळ निसटते. जाड कागदावर ब्रेलमध्ये काढलेले तिकीट आणि आलेला आकडा खुणावण्यासाठी टाचणी, एवढ्याने पुतण्याची सोय झाली. यजमानांसाठी तिकिटाच्या तीन ओळी साध्या मजकुराच्या रूपात मोबाईलवर पाठवल्या की मोबाईल त्या कानात वाचून दाखवतो. टाळेबंदीच्या काळात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर हाउजी सुरू झाली आणि ती अजून चालू आहे, पण तिथे तिकिटे चित्राच्या रूपात पाठवली जातात. मोबाईलमधल्या, मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीला चित्रातले आकडे सहजासहजी वाचता येत नाहीत. तेच तिकीट टंकलेल्या मजकुरात पाठवायला कोणाचा पैसा लागत नाही. एवढा साधा बदल केला, तर दूरगावचे दृष्टिहीन आजोबाही जल्दी पाचसाठी, म्हणजे तिकिटावरचे पाच आकडे सर्वांत आधी आल्याच्या बक्षिसासाठी, स्वतः ओरडू शकतील.

आता इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळते. या खेळांचा आरंभ दृष्टिहीनांच्या दृष्टीने मोठा आशादायक होता. १९७८ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने ‘सायमन’ नावाचा खेळ बाजारात आणला. राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन हे त्याचे जनक. एका गोल यंत्रावर चार रंगांचे चार भाग असतात, प्रत्येक भाग उजळताना स्वतःचा एक ठरावीक स्वर काढतो. यंत्र जो क्रम वाजवील तोच क्रम खेळाडूने दाबून दाखवायचा आणि क्रम एकेका स्वराने वाढत जातो. बेअर यांनी हे चार स्वर बिगुलाच्या स्वरांवरून निवडले होते, जेणेकरून ते कोणत्याही क्रमाने वाजले तरी कानाला खटकू नयेत. हा विचार त्यांनी दृष्टिहीनांसाठी केला नव्हता. पण रंग न पाहता केवळ स्वर आणि जागा ध्यानात ठेवून हा खेळ पूर्ण खेळता येतो, असा त्याचा परिणाम झाला. यंत्र हातात फिरून दिशा चुकू नये, म्हणून एका भागाच्या कडेला फेविकॉलचा थेंब वाळवून उंचवटा केला की झाले. सुरांची जाण असलेली मुले यात डोळसांना सहज मागे टाकतात, हे मी पाहिले आहे.

त्यानंतर १९९६ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने ‘बॉप इट’ काढले. डॅन क्लिट्स्नर यांनी रचलेला हा खेळ मला आजही या विषयातला सर्वांत चांगला धडा वाटतो. यंत्र बोलून आज्ञा देते: दाब, पिरगळ, ओढ. प्रत्येक आज्ञेचा भाग आकाराने निराळा आहे, पिरगळायची मूठ आणि ओढायची मूठ चाचपताच ओळखू येतात. केलेली कृती बरोबर झाली की त्या कृतीचा स्वतःचा आवाज होतो, चुकली की ताबडतोब वेगळा आवाज येऊन डाव संपतो, आणि सगळे हळूहळू अधिकाधिक जलद होत जाते. अनेकांनी मिळून खेळायच्या प्रकारात यंत्रच सांगते की आता मला पुढच्याकडे द्या. म्हणजे वर म्हटलेल्या चार गोष्टींपैकी डाव कोणाचा, पुढे काय आले आणि बरोबर की चूक, या तीन गोष्टी कानाला आणि हाताला आपोआप कळतात. घोळक्यात बसून खेळताना जो चुकला तो बाद, त्यामुळे गुणांची मोजदादही फारशी लागत नाही. जगभरच्या दृष्टिहीन मुलांमध्ये हा खेळ आवडता झाला, त्यात नवल नाही. आज्ञा इंग्रजीत आहेत, पण त्या मोजक्याच आहेत आणि आमच्या घरातल्या वृद्धांनीही त्या चटकन आत्मसात केल्या.

पुढे हे खेळ सुधारत गेले, असे म्हणण्याचा मोह होतो, पण दृष्टिहीनांच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. छोटे पडदे स्वस्त झाले आणि जी माहिती आधी आवाजातून मिळत होती ती पडद्यावर गेली. ‘कॅच फ्रेज’ या शब्द ओळखण्याच्या खेळाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती पाहा. वेळ संपत आल्याचा टिकटिक आवाज साऱ्या खोलीला ऐकू येतो, तो जलद होऊ लागला की सर्वांची धांदल उडते. दृष्टिहीन खेळाडूही त्या धांदलीत असतो, इतरांनी दिलेल्या खुणांवरून शब्द ओळखतोही, पण यंत्र त्याच्या हाती आले की ज्या शब्दाच्या खुणा द्यायच्या तो शब्द पडद्यावर असतो आणि त्याला तो वाचता येत नाही. कानात घालायच्या इअरफोनसाठी जर एक छिद्र त्या यंत्राला ठेवले असते आणि शब्द तेवढा कानात बोलला जात असता, तर अडचण उरलीच नसती. गुपित राखायच्या माहितीवर इअरफोन हा साधा उपाय आहे, पण तो खेळ बनवणाऱ्यांना फार क्वचित सुचतो.

निन्टेन्डो या व्हिडिओ गेम कंपनीने २०१७ मध्ये आपल्या ‘स्विच’ या यंत्रासाठी ‘वन-टू-स्विच’ नावाचा खेळसंच काढला. पडद्याकडे न पाहता एकमेकांकडे पाहून खेळायचे, अशी त्याची मूळ कल्पनाच होती. त्यातल्या एका खेळात हातातले यंत्र असे काही थरथरते की आत खरोखर गोट्या घरंगळत आहेत असे वाटते आणि त्या किती हे केवळ हाताने ओळखायचे असते. दृष्टिहीनाला यापेक्षा न्याय्य खेळ कोणता असेल? पण ‘स्विच’वर खेळ निवडण्याची यादी बोलत नव्हती, त्यामुळे खेळ सुरू करायला, पुढचा निवडायला, निकाल पाहायला डोळस माणूस लागायचाच. दृष्टिहीन मुलाला बहीण घरी आल्याशिवाय खेळ लावताच येत नसेल, तर तो खेळ त्याच्या मालकीचा कसा म्हणायचा? टीव्हीवर प्रश्न आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर उत्तर अशा पद्धतीचे ‘जॅकबॉक्स’सारखे पार्टी गेम अलीकडे तरुणांत लोकप्रिय आहेत. मोबाईल हेच ज्याच्या त्याच्या हातातले यंत्र, ही कल्पना उत्तम आहे, कारण दृष्टिहीन व्यक्तीचा मोबाईल तिच्याशी बोलतोच. परंतु टीव्हीवर उमटलेली इतरांची उत्तरे कोणी वाचून दाखवली नाहीत, तर विनोदावर सगळे हसून झाल्यावर तिला तो कळतो.

मोबाईल आणि संगणक यांनी घडवलेला बदल मी कमी लेखत नाही. ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, विनामूल्य आहे आणि तो मराठीही वाचतो. अँड्रॉइड मोबाईलमधला टॉकबॅक आणि आयफोनमधला व्हॉइसओव्हर या अशाच स्क्रीन रीडरांसाठी वेगळा पैसा मोजावा लागत नाही. अडचण खेळांच्या बाजूने आहे. बटणाला नाव दिलेले नसते, म्हणून स्क्रीन रीडर नुसते ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहतो. फासे आणि सोंगट्या ही चित्रे असतात, त्यांची जागा शब्दांत कोठे नोंदलेली नसते. वेळेची मर्यादा अशी ठेवलेली असते की स्क्रीन रीडरने पर्याय वाचून संपवण्याआधीच डाव हातचा जातो. बटणाला नाव देणे हे काम प्रोग्रॅमरला अगदी थोड्या वेळाचे आहे. वेळेची मर्यादा बंद करण्याची सोय ठेवणे तर त्याहून सोपे. मोठ्या कंपन्यांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते याची उदाहरणेही समोर आहेत. २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये वळण किती दूर आहे, गाडी रस्त्याच्या कोणत्या कडेला सरकते आहे, हे आवाजाच्या खुणांनी कळते आणि दृष्टिहीन खेळाडू आपल्या डोळस भावाशी शर्यत लावू शकतो. मोटारींची शर्यत जर ऐकून खेळता येते, तर सापशिडी का खेळता येऊ नये?

काही सुहृद म्हणतात की दृष्टिहीन मुलांसाठी त्यांचे त्यांचे वेगळे खेळ असतात, मग सर्वांच्या खेळांत बदल कशाला? मला हे मान्य नाही. त्यांचे वेगळे खेळ जरूर असावेत, पण घरातला खेळ एकत्र बसण्यासाठी असतो आणि वेगळा खेळ दिला की वेगळा कोपराही आपोआप दिला जातो. या बाबतीत बुद्धिबळाने घालून दिलेला धडा फार मोलाचा आहे. दृष्टिहीनांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक सोंगटीला खाली खुंटी असते ती घराच्या छिद्रात बसते, आणि रंग ओळखण्यासाठी एका बाजूच्या सोंगट्यांच्या डोक्यावर टोक असते. दोघे खेळाडू आपापल्या चाली मोठ्याने सांगतात. खेळाचे नियम मुळात तेच राहतात, प्रतिस्पर्धी डोळस असला तरी त्याला काही गमवावे लागत नाही. चारुदत्त जाधव यांनी १९९७ मध्ये अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघ उभा केला आणि त्या पायावर देशात दृष्टिहीन बुद्धिबळपटूंची एक पिढी घडली. आपल्या शेजारच्या वडोदऱ्याचे दर्पण इनानी यांनी २०२३ मध्ये हांगझोऊ इथल्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. तेच इनानी डोळस खेळाडूंच्या स्पर्धांतही उतरतात. पटाला छिद्रे पाडली, चाल मोठ्याने सांगितली, एवढ्या तजविजीने एक अख्खा खेळ सर्वांचा झाला. मग बॅटरीवर चालणाऱ्या, बोलू शकणाऱ्या यंत्रांकडून आपण याहून कमी अपेक्षा का ठेवावी?

कायद्याचे पाठबळही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच्या तिसाव्या अनुच्छेदात अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळ आणि करमणूक यांत सहभागी होता यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांविषयी आहे, तर कलम ४३ सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मितीला आणि वितरणाला उत्तेजन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे निकष ऐच्छिक न राहता बंधनकारक असले पाहिजेत असा निर्वाळा दिला, आणि एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सुविधा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. खेळण्यांच्या बाबतीत तर एक तयार चौकटही हाताशी आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. खेळणे विषारी नाही, त्याला धारदार कडा नाहीत, विजेवर चालणारे असेल तर ते सुरक्षित आहे, हे त्या चिन्हावरून कळते. त्याच खोक्यावर ‘ऐकून खेळता येते’, ‘स्पर्शाने खेळता येते’, ‘खेळण्यासाठी पडदा वाचावा लागतो’ अशा तीन साध्या खुणांपैकी लागू असेल ती छापण्याची सक्ती करायला काय हरकत आहे? यात कोणाला खेळ बदलायला सांगितलेले नाही. आधी खरे काय ते सांगा, एवढेच मागणे आहे. खरेदीदाराला कळू लागले की खेळ आपोआप बदलतील, असा माझा विश्वास आहे.

ही माहिती नसल्याने काय होते ते इथल्याच बाजारात अनुभवायला मिळते. शहरातल्या एका दुकानात खेळणे खोक्याबाहेर काढून हाताळू द्यायला नकार मिळाला, आणि खोक्यावरच्या चित्रावरून ठरवा असे सांगण्यात आले. ज्याला चित्र दिसत नाही, त्याने ते हातात न घेता कसे ठरवावे? नमुन्याचे एक खेळणे हाताळण्यासाठी मोकळे ठेवणे दुकानांना जड नाही. बटणे उठावदार आहेत की काचेसारखी सपाट, चालू-बंद करण्याची कळ सरकवायची आहे की नुसती स्पर्शाची, आवाज कमी-जास्त करता येतो का, इअरफोन लावता येतो का, एवढे तपासायला फार वेळ लागत नाही. स्पर्शाच्या सपाट कळा असलेले खेळ शक्यतो घेऊ नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्यांवर बोट टेकले तरी ते दाबल्यासारखे होते आणि चाचपून पाहणाऱ्याचा डाव शोधता शोधताच वाया जातो.

इंदूरला खेळण्यांची परंपरा नवी नाही. इथल्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दुसरीकडे श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेसारखी जुनी अभियांत्रिकी संस्था आणि आयआयटी याच शहरात आणि परिसरात आहेत. हाताची कसब असलेले कारागीर आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणारे विद्यार्थी एकत्र आले, तर मराठी आणि हिंदी बोलणारा एखादा ‘बॉप इट’सारखा खेळ इथे तयार होणे अशक्य नाही. आवाज ध्वनिमुद्रित करून वाजवणारी छोटी चिप, वेगवेगळ्या आकाराच्या पाच-सहा कळा आणि एक स्पीकर, इतकी त्याची सामग्री आहे. अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा, आणि खेळ तयार झाल्यावर नव्हे, तर आराखड्यापासूनच दृष्टिहीन मुलांच्या हातात देऊन पाहावा. शहरात दृष्टिहीन मुलामुलींच्या शाळा आणि वसतिगृहे आहेत. त्यांच्याइतके चोख परीक्षक दुसरीकडे मिळणार नाहीत.

मराठी मंडळांना एक गोष्ट तातडीने करता येईल. प्रश्नमंजूषेत जे बझर वापरले जातात, त्यांत कोणाचे बटण आधी दाबले गेले हे बहुधा दिव्याने कळते. स्पर्धक दृष्टिहीन असेल तर त्याला निवेदकाच्या घोषणेची वाट पाहावी लागते. प्रत्येक संघाच्या बझरला वेगळा स्वर दिला की प्रश्न मिटतो, आणि मागच्या रांगेतल्या डोळस प्रेक्षकांनाही ते सोयीचे जाते. चित्र दाखवून विचारायच्या फेरीऐवजी, किंवा तिच्या जोडीला, आवाज ऐकवून विचारायची फेरी ठेवावी. ग्रंथालयांनी पुस्तकांप्रमाणे खेळही घरी न्यायला द्यावेत, ही सूचना मी यापूर्वीही काही ठिकाणी केली आहे. परदेशी बनावटीचे बोलके खेळ महाग पडतात, प्रत्येक घराला ते परवडणार नाहीत; सार्वजनिक ग्रंथालयात चार खेळ असले तर अनेक घरांची दिवाळी आळीपाळीने रंगेल.

आणि आता घरातल्या माणसांविषयी, कारण खेळ कितीही चांगला असला तरी तो खेळवणारे आपणच असतो. आवाजावर चालणारा खेळ सुरू असताना टीव्ही बंद असला पाहिजे आणि स्वयंपाकघरातला मिक्सरही. सर्व जण एकदम बोलू लागले की डोळस माणसाचे काही बिघडत नाही, पण दृष्टिहीनाचा खेळच त्या गोंगाटात बुडतो. त्याचा हात धरून योग्य बटणावर नेऊ नये. खेळ सुरू होण्यापूर्वी यंत्र निवांतपणे त्याच्या हातात द्यावे, त्याला ते सगळीकडून चाचपू द्यावे आणि नंतर त्याचे त्याला खेळू द्यावे. उत्तर कानात पुटपुटू नये. विशेषतः त्याला मुद्दाम जिंकू देऊ नये. लहान मुलांनाही असे मुद्दाम हरणे चटकन ओळखू येते, मग ज्याचे सगळे लक्ष आवाजांकडेच असते त्याला ते कळणार नाही असे समजणे हा त्याचा अवमान आहे. माझा पुतण्या हरतो तेव्हा चिडतो, यंत्रात दोष आहे म्हणून भांडतो आणि लगेच दुसरा डाव मागतो. त्याची डोळस भावंडे नेमके हेच करतात आणि मला यात फार समाधान वाटते.

महोदय, आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. यंदाच्या दिवाळीच्या पुरवणीत खेळांची ओळख करून देताना प्रत्येक खेळापुढे तो न पाहता खेळता येतो की नाही, एवढी एक ओळ छापावी. आपल्या वार्ताहरांना ते तपासून पाहण्यासाठी मदत लागली तर आमच्या घरचे दोन्ही खेळाडू आनंदाने तयार आहेत. दुसरी विनंती आपल्या शब्दकोड्याविषयी आहे. संगणकावर येणाऱ्या आपल्या अंकात पान चित्राच्या रूपात असते, त्यामुळे स्क्रीन रीडरला त्यातले शब्दकोडे वाचता येत नाही. आडव्या आणि उभ्या शब्दांच्या सूचना, अक्षरसंख्या आणि कोणते अक्षर कोणत्या शब्दाशी जुळते हे साध्या मजकुरात रोज वेगळे दिले, तर माझ्या यजमानांसारखे अनेक जुने वाचक पुन्हा कोडे सोडवू लागतील. दृष्टी गेल्यावर त्यांना आपल्या वृत्तपत्रातल्या ज्या गोष्टीची उणीव सर्वांत जास्त भासते, ती हीच आहे.

आपली नम्र,

एक वाचक,
सुदामानगर, इंदूर